एक खाडा पडला म्हणून पहिल्यापासून मोजू नका

तुमचं लिहिणं वाचलं आणि माझेच जुने दिवस आठवले. सांगलीत कृष्णाकाठी तुमचं पहाटेचं चालणं, पावसात चार दिवस खाडा, ॲपवरचा सलग दिवसांचा आकडा शून्यावर, आणि आता दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्याने सुरुवात करायचा बेत. लवकर झोपा, गजर लांब ठेवा हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

मी साताऱ्याचा. सकाळी अजिंक्यतारा चढतो. पण मधलं जवळपास वर्ष एका शिबिरापायी वाया गेलं. नाव घेत नाही. तिथे २१ चौकटींचं कार्ड द्यायचे. एक दिवस चुकला की ते रद्द, नवं घ्यायचं. कार्ड भरत आलं असताना वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. रात्रभर त्यांच्या उशाशी होतो, सकाळी गड कुठला चढणार? संयोजकांना फोन केला तर म्हणाले, "ज्याला करायचंय तो कारणं देत नाही." वडील बरे होऊन घरी आले, पण माझे पाय गडाकडे वळेनात. फी बुडाली त्याचं काही नाही. माझ्यात चिकाटीच नाही हे त्यांनी मनात भरवलं, त्याचा संताप अजून जात नाही. आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसाशी असं बोलतात का?

मुळात २१ दिवसांत सवय लागते हा आकडाच कच्चा आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला 'किमान' गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर जडते, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही, हेही त्यातच निघालं. हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: ते ॲप काढून टाका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, रिकामा चौकोन रिकामा राहू द्या. दसऱ्याचीही वाट बघू नका. पावसाचं आधीच ठरवून ठेवा: नदी चढली की घाटाकडे फिरकायचं नाही (२०१९ चा पूर तुम्ही पाहिला असेलच), त्याच वेळी, तेच बूट घालून घरचा जिना चढायचा-उतरायचा, दहा मिनिटं का होईना. मी पावसात पायवाट सोडून गडाच्या डांबरी रस्त्यानेच जातो, शेवाळावर पाय टिकत नाही.

हे माझ्यापुरतं खरं ठरलं, मी डॉक्टर नाही. गुडघे दुखत असतील तर जिन्याचं आधी डॉक्टरांना विचारा. आणि भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत पाय घालण्याइतके सुकतात.