रात्रीची प्रार्थना: आधी एक स्तोत्र पाठ करा

ताई, तुम्ही लिहिलंय की ऑफिस सुटून भांडुपला पोचेपर्यंत साडेनऊ होतात, जेवणं-भांडी आवरेपर्यंत बारा. मग मोबाइलवर चर्चची रात्रीची प्रार्थना उघडता. रोज बायबलमधली वेगळी स्तोत्रं, मध्येच व्हॉट्सॲपचे मेसेज, आणि अर्ध्यावर डोळा लागतो. शिवाय मध्यरात्र उलटल्यावर ती म्हटलेली चालते का, ही शंका.

चालते. ब्रेव्हिअरीच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या रोजच्या प्रार्थनांच्या पुस्तकाच्या, 1971 सालच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय की ही दिवसाची शेवटची प्रार्थना, झोपण्याआधी म्हणायची, मग मध्यरात्र उलटून गेली तरी हरकत नाही. सेकंड शिफ्ट करून येणाऱ्यांनीही ही शंका मनातून काढून टाकावी.

त्याच सूचनांत आणखी एक सवलत आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. रोजची स्तोत्रं वेगळी असली, तरी रविवारची स्तोत्रं कुठल्याही वारी म्हणता येतात, म्हणजे ज्यांना पाठ म्हणायचंय त्यांची सोय होते. रविवारची म्हणजे शनिवारी रात्री (चर्चचा रविवार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो) स्तोत्र 4 आणि 134, रविवारी रात्री 91. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना रोज रात्री हीच तीन स्तोत्रं लावून दिली होती, आणि प्रार्थना संपली की कुणी कुणाशी बोलायचं नाही असा नियम घातला होता. म्हणून माझं ठाम मत: मोबाइल दुसरीकडे चार्जिंगला लावा आणि पाठ म्हणा.

सुरुवात 134 पासून करा. तीनच ओव्या आहेत, लोकलमध्ये दोन-चार दिवसांत पाठ होईल. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून ते आहे. मला ते म्हणताना रात्रपाळीच्या नर्स, सोसायटीचे वॉचमन, शेवटची गाडी कारशेडला नेणारे मोटरमन आठवतात, आणि त्यांच्यासाठी आपोआप प्रार्थना होते. ते बसलं की 4 घ्या. त्यात अंथरुणावर पडल्यावर मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा असं सांगितलंय, शेवटी निर्धास्त झोपेबद्दल आहे.

स्तोत्राआधी दिवसाकडे एकदा मागे वळून पाहायचं. याला तासभर लागत नाही आणि ही उलटतपासणीही नाही. आज कुणाला तोडून बोलले? कुणी सीटवर सरकून जागा दिली, त्याचे आभार मानले का? जे खुपतंय ते नाव घेऊन प्रभूला सांगायचं, क्षमा मागायची आणि पुढे जायचं.

मग शिमोनाचं गीत, लूक 2:29-32. तान्ह्या येशूला हातांवर घेऊन तो म्हातारा म्हणतो की प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. दिवसभराचं अर्धवट राहिलेलं काम प्रभूच्या स्वाधीन करायला याहून योग्य शब्द मला माहीत नाहीत. शेवटी मरियेला उद्देशून एक गीत असतं. ते येत नसेल तर एक ‘नमो मरिया’ म्हणा.

शुक्रवारच्या 88 व्या स्तोत्राबद्दल मात्र सांगायलाच हवं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरी चर्चने ते दर शुक्रवारच्या रात्री ठेवलंय, कारण त्या दिवशी प्रभू क्रूसावर होता. घरचं माणूस आयसीयूत असेल, नोकरी गेली असेल, तोंडून स्तुतीचा शब्द फुटत नसेल, अशा रात्री हेच काढा, वार कुठला का असेना. देवाशी इतकं कडू बोलायची मुभा बायबलनेच दिलीय, ती वापरा.

पूर्ण ब्रेव्हिअरी म्हणण्याचं बंधन धर्मगुरूंवर आहे, व्रतस्थांवर त्यांच्या संस्थेच्या नियमांप्रमाणे, आपल्यावर नाही. मुलं जागी असतील तर 134 त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हणा आणि त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण करा. म्हणता म्हणता झोप लागली, तर दुसऱ्या रात्री भरपाई म्हणून दुप्पट म्हणत बसू नका. नेहमीसारखीच सुरुवात करा.