गेम खेळून डोकं खरंच चालतं का?

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे, सुट्टी लागली की दिवसभर गेम, ओरडलं की म्हणतो "आई, याने डोकं चालतं". धाकटी पाच वर्षांची, तिला सापशिडीशिवाय दुसरं काही सुचत नाही. यातून मुलं काही शिकतात की नुसता टाइमपास? आणि मोठ्याला ब्रेन ट्रेनिंगचं ॲप घेऊन द्यावं का?
– दोन मुलांची आई

उत्तर: ताई, धाकटीला अजिबात अडवू नका. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये लहान मुलांना १ ते १० आकड्यांची सरळ पट्टी असलेला खेळ दिला, पंधरा-वीस मिनिटं असं फक्त चार वेळा खेळले, तरी त्यांची आकड्यांची समज वाढली, आणि तसाच खेळ पण आकड्यांऐवजी नुसते रंग, तो खेळलेल्यांची काही वाढली नाही. यातली गंमत सोंगटी सरकवण्यात आहे. ३ वर आहे आणि २ पडले तर मूल "एक, दोन" म्हणत नव्हतं, "चार, पाच" म्हणायचं, म्हणजे घरातला आकडा वाचत पुढे जायचं. आज तुमची लेक काय म्हणते ते बघा, "एक, दोन" म्हणत असेल तर तुमच्या पाळीला तुम्ही घरातले आकडे मोठ्याने म्हणा, ती आपोआप उचलेल. लगेच शिकवणी नका लावू पण, नाहीतर पट गुंडाळून पळेल!

मोठ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची नजर पटापट बदलणाऱ्या गोष्टी जास्त चांगल्या टिपते हे शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅवेलिअर यांनी २००३ मध्येच दाखवलंय, पण त्याने गणिताचे मार्क वाढतील असं मात्र नाही हं. गेममध्ये जे करावं लागतं तेच मूल शिकतं, फार लांबचं काही नाही. म्हणून एकदा शेजारी बसा, तो एकाच लेव्हलला पुन्हा पुन्हा मरतोय आणि दर वेळी काहीतरी बदलून बघतोय का? "आता हे असं का केलंस?" विचारा, दहा मिनिटं बोलायचा थांबलाच नाही तर समजा डोकं चालू आहे. पण नुसतं टॅप करायचं, कॉइन गोळा करायचे, पेटी उघडायची, असे गेम असतील तर तो टाइमपासच, आणि क्वचित टाइमपास केला तर बिघडलं कुठे?

ॲपला पैसे नका घालू. ल्युमॉसिटी नावाच्या ब्रेन ट्रेनिंग ॲपच्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला होता, २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. अशा ॲपवर मुलं त्या ॲपमधल्याच कोड्यांत पटाईत होतात, बाकी अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग होताना दिसत नाही.

राहिला दिवसभराचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे खरा, पण तो नुसते तास मोजून ठरत नाही, खेळण्यावर ताबाच राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा डॉक्टर तसं म्हणतात. पण त्याची झोप आणि मित्र सुटायला लागले तर वर्षभर वाट बघत बसू नका, आधीच दाखवा. सुट्टीत चार दिवस जास्त खेळला तर एवढं घाबरू नका, फक्त रात्री फोन त्याच्या खोलीत नको.