वाचकांचे प्रश्न: मासेमारीसाठी हवेची कयाक घेताना

प्रश्न: तलावात एकट्याने गळ टाकण्यासाठी हवा भरायची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) घ्यायची आहे. दोन मॉडेलांवर गाडी अडली आहे. एकीवर चार रॉड होल्डर (गळाची काठी अडकवायच्या खोबण्या), आमिषाच्या डब्याची जागा, मोजपट्टी असे सगळे आहे. दुसरी अगदी साधी आणि उचलायला जड आहे. कोणती घ्यावी?

उत्तर: होल्डर मोजू नका. होल्डर नंतरही चिकटवता येतो, तळ मात्र बदलता येत नाही. दोन्हींच्या माहितीपत्रकात आधी एकच आकडा शोधा: तळात किती दाब भरायचा?

तो १ ते २ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) असेल, तर तळ साध्या नळ्यांचा आहे. माणूस बसला की अशी कयाक मधोमध खचते आणि दोन्ही टोके वर उचलली जातात. खचलेल्या भागासमोर पाणी अडते, वल्हे मारूनही वेग येत नाही आणि उचललेल्या नाकाला वारा ढकलत राहतो. आकडा ८ ते १० पीएसआय असेल, तर तळ ड्रॉप-स्टिच आहे. त्यात वरचे आणि खालचे कापड हजारो पॉलिएस्टर धाग्यांनी आतून एकमेकांना बांधलेले असते. त्यामुळे दाब वाढवला तरी तळ गोल फुगत नाही, फळीसारखा सपाट आणि कडक राहतो. मासेमारीत माणूस सतत मागे वळतो, वाकतो, एका बाजूला कलून मासा काढतो. अशा वेळी हा कडकपणा फार कामाला येतो. तुमची साधी, जड कयाक बहुधा या प्रकारची असावी. तसे असेल तर डोळे मिटून तीच घ्या.

दुसरा आकडा रुंदीचा, आणि इथे बरेच जण फसतात. पत्रकात बाहेरची रुंदी छापलेली असते. बाहेरून ९५ सेंटीमीटर आणि बाजूच्या ट्यूब २८-२८ सेंटीमीटर जाडीच्या असतील, तर बसायला उरतात जेमतेम ३९. त्यात खुर्ची आणि पाय मावले, तरी आमिषाचा डबा कुठे ठेवणार? बाजूच्या भिंतीही ड्रॉप-स्टिच आणि १० सेंटीमीटर जाड असतील, तर त्याच रुंदीत आत ७५ सेंटीमीटर मिळतात. एकट्या माणसाला बाहेरून ८५ ते १०० सेंटीमीटर रुंद आणि ३ ते ३.५ मीटर लांब कयाक सोयीची पडते. त्याहून रुंद घेतली तर वल्हे पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. एवढ्या रुंदीला वल्हेही २३० ते २५० सेंटीमीटरचे लागते. आखूड वल्ह्याने बोटे प्रत्येक फेरीत ट्यूबवर घासतात.

भारक्षमतेचा हिशेब मात्र कागदावर मांडा. माणूस ८० किलो, खुर्ची ३, वल्हे १, नांगर आणि दोर ३, पिण्याचे पाणी ३, रॉड आणि डबे ५, बर्फाची पेटी माशांसकट १०. झाले १०५ किलो. छापील क्षमतेच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भार टाकावा, म्हणजे तुम्हाला किमान १५० किलो क्षमतेची कयाक हवी. छापील आकड्याइतका भार घातला तरी कयाक बुडत नाही, पण इतकी खोल बसते की वळवणे जिवावर येते.

प्रश्न: उभे राहून गळ टाकता येईल का? जाहिरातीतल्या चित्रात माणूस उभा दाखवला आहे.

उत्तर: तळ ड्रॉप-स्टिच असेल, पूर्ण दाबाने भरलेला असेल आणि रुंदी ९० सेंटीमीटरच्या पुढे असेल, तर निवांत पाण्यावर येईल. नळ्यांच्या मऊ तळावर नाही. तिथे टाच खाली रुतते आणि सगळा भार एका नळीवर येतो.

सपाट तळाचा एक स्वभाव ओळखून ठेवा. सुरुवातीला तो अगदी स्थिर वाटतो. बराच कलेपर्यंत काही होत नाही, आणि मर्यादा ओलांडली की सावरायला वेळ न देता पालटतो. म्हणून पहिला सराव कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, रॉड काठावर ठेवून करा. पुढच्या डी-रिंगला (कयाकवर चिकटवलेल्या ठिगळातले डी आकाराचे कडे) एक पट्टा बांधा. आधी गुडघ्यावर या, मग पट्टा धरून पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. मासा जाळ्यात घेताना मात्र बसा. तोल तेव्हा सहज जातो.

त्याच दिवशी पाण्यातून परत कयाकमध्ये चढण्याचाही सराव करून घ्या. जाड ट्यूबवरून वर येणे भल्याभल्यांना जमत नाही. पायरीसारखा पाय रोवता येईल असा पट्ट्याचा फास बाजूला कायम बांधलेला असावा. पाय मागे लांब सोडून जोरात मारायचे, पोट ट्यूबवर आडवे टाकायचे, आणि मगच आत वळायचे.

प्रश्न: गळ लागून कयाक फुटली तर?

उत्तर: या भीतीपायी अनेक जण हवेची कयाक घेतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आत पॉलिएस्टरचे विणलेले कापड आणि त्यावर पीव्हीसीचे थर अशा कापडात (८४० ते १,००० डेनियर; डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) नेहमीचा गळ नुसता टेकल्याने आरपार जात नाही. तो जोर लावून खुपसावा लागतो. कापड नसलेल्या नुसत्या व्हिनाइलच्या कयाकचे तसे नाही. ती पाण्यावर खेळायला ठीक, मासेमारीला घेऊ नये.

गळापेक्षा घात करतात त्या तीन गोष्टी म्हणजे उघडी सुरी, माशाच्या पाठीवरचे काटे आणि काठावरच्या काचा-शिंपले. सुरी बोथट टोकाची आणि म्यानात असावी. काटेरी मासा मांडीवर किंवा ट्यूबवर टेकवू नका, रबरी जाळीच्या हातजाळ्यातच ठेवून गळ सोडवा. तळावर रबरी चटई अंथरा. कयाक वाळूवरून ओढायची नाही, उचलायची.

आणि समजा भोक पडलेच. बाजूच्या दोन्ही ट्यूब आणि तळ असे किमान तीन स्वतंत्र कप्पे असतील, तर एक गेला तरी बाकीचे दोन तुम्हाला काठावर आणतात. सगळी हवा एकाच कप्प्यात असलेली कयाक कितीही चांगली दिसली तरी नको.

प्रश्न: काठावर टणक भरलेली कयाक पाण्यात गेल्यावर दहा मिनिटांत मऊ पडते. दुपारी काठावर ठेवली की उलट दगडासारखी होते. गळती आहे का?

उत्तर: बहुधा नाही. हवा पाण्याने थंड झाली की दाब उतरतो, उन्हाने तापली की चढतो. पाण्यावर उतरवून दहा मिनिटांनी पुन्हा दाब पाहायचा आणि उरलेली हवा भरायची, हीच पद्धत.

उन्हाचे मात्र मनावर घ्या. सकाळी २५ अंशांना तळात ८ आणि ट्यूबमध्ये २.५ पीएसआय भरले, आणि उन्हात आतली हवा ५० अंशांवर गेली, तर तळ १० च्या आसपास जातो आणि ट्यूब जवळपास ४ वर. तळाचा दाब पावपट वाढला, ट्यूबचा दीडपटीच्याही पुढे गेला. कारण असे की तापमानाने एकूण दाब वाढतो, आणि त्यात वातावरणाचे १४.७ पीएसआयही येतात. मापकावर ते दिसत नाहीत. म्हणून कमी दाबाची ट्यूबच उन्हात आधी शिवणीला उलते. काठावर थांबताना ट्यूबमधली हवा थोडी सोडा, कयाक सावलीत ठेवा, आणि दोन रंगांत निवड असेल तर फिकट रंग घ्या.

पंप दोन्ही फेऱ्यांत हवा भरणारा, मापक असलेला घ्या. दाब वाढून दांडा जड लागला की एकेरी फेरीवर टाका, नाहीतर शेवटचे ३-४ पीएसआय भरतच नाहीत आणि लोक अर्ध्या दाबावरच पाण्यात उतरतात. व्हॉल्व्हमधली खीळ वर आलेली आहे ना, तेही भरण्याआधी पाहा. ती खाली दाबून अडकवलेली राहिली, तर नळी काढताच सगळी हवा बाहेर.

प्रश्न: वाऱ्याने कयाक एका जागी टिकत नाही. नांगर कसा आणि कुठे बांधावा?

उत्तर: हवेची कयाक हलकी असते, पाण्यात थोडी बसते आणि पाण्यावर जास्त दिसते, म्हणून वारा तिला सहज नेतो. घडीचा १.५ किलोचा चार फाळांचा नांगर एकट्याच्या कयाकला पुरतो. दोर ४ ते ६ मिलिमीटर जाडीचा. शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट, वाऱ्यात पाच ते सात पट दोर सोडा. ५ मीटर खोलीवर ६ मीटर दोर सोडला तर नांगर सरळ वर ओढला जातो आणि तळाला धरत नाही. लोक मग उगाच जड नांगर घेतात.

नांगर बाजूला, मधोमध कधीच बांधू नका. प्रवाह किंवा लाटेचा जोर आला की दोर ती कड खाली खेचतो, पाणी त्या कडेवर चढते आणि कयाक पालटते. दोर टोकावरूनच जावा. बसल्या जागी हात पोचावा म्हणून पुढच्या आणि मागच्या डी-रिंगला एकेक छोटी कप्पी लावून मध्ये दोराचे कडे फिरते ठेवा. नांगराचा दोर त्या कड्यातल्या रिंगेतून जातो. कडे ओढले की दोर हव्या त्या टोकाला सरकतो. शेवटी एका झटक्यात सुटणारी गाठ आणि दोराला तरंगता गोळा हवाच. जोरदार वाहत्या नदीत मात्र नांगर टाकूच नये.

नांगर खडकात अडकतो त्यावर सोपा उपाय आहे. दोर नांगराच्या खालच्या, फाळांकडच्या टोकाला बांधा आणि दांड्यावरून वर आणून वरच्या कड्याला प्लास्टिकच्या बारीक केबल टायने अडकवा. अडकला की जोराने ओढा. टाय तुटते आणि नांगर उलट्या बाजूने सुटून येतो.

डी-रिंगबद्दल एक सांगायचे राहिले. चिकटवलेले ठिगळ पृष्ठभागाला समांतर ओढ खूप सोसते, पण वर उचलणाऱ्या ओढीने कडेपासून सुटत जाते. कप्पी, रॉड होल्डर, खुर्चीचे पट्टे, सगळ्यांची ओढ शक्यतो कापडाच्या लगत राहील अशी मांडणी करा.

प्रश्न: फिन (तळाखालचा, कयाक सरळ ठेवणारा पंखा) काढून टाकली तर चालेल का? पाणवनस्पतीत अडकते.

उत्तर: उथळ, गवताळ पाण्यात छोटी फिन लावा. अजिबात नसेल तर सपाट तळाची कयाक प्रत्येक वल्ह्याला नाक फिरवते आणि सरळ जाण्यातच दम जातो. २० सेंटीमीटरच्या जागी १० ची मिळते का पाहा. फिनचा खाचा नेहमीच्या मापाचा असेल तर मिळते.

प्रश्न: घरच्या घरी लावलेले ठिगळ दोनदा सुटले. काय चुकते?

उत्तर: आधी गळती नक्की कुठे आहे ते पाहा. साबणाचे पाणी व्हॉल्व्हवर लावा. बुडबुडे तिथे असतील तर ठिगळाचे कामच नाही. खीळ दाबून पंपाने हवेचा झोत द्या म्हणजे अडकलेला वाळूचा कण निघेल, मग व्हॉल्व्हच्या पान्याने थोडे आवळा.

भोक कापडाला असेल तर कापड कोणते ते ओळखा. पीव्हीसीला दोन घटकांचा, घट्ट करणारे द्रव्य (हार्डनर) मिसळायचा पीव्हीसी गोंद लागतो आणि पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा लागतो. हायपॅलॉनला (कृत्रिम रबराचा थर असलेले कापड) त्याचा वेगळा गोंद लागतो आणि कापड आधी घासून खरखरीत करावे लागते. कापडी खोळीत फुगा असलेल्या कयाकमध्ये चेन उघडून आतल्या फुग्यालाच ठिगळ लावायचे. झटपट चिकटणारा घरगुती गोंद यातल्या कशालाच लावू नका; तो वाळून कडक होतो आणि कापड वाकले की तडकतो.

ठिगळ गोल कापा, कोपरे ठेवू नका. भोकाच्या सगळीकडून ५ सेंटीमीटर पुढे जाईल एवढे घ्या. हवा पूर्ण काढून कापड सपाट पसरा. कापड आणि ठिगळ दोन्हींवर गोंदाचा पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटे वाळू द्या, मग दुसरा पातळ हात. बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटल्यासारखे वाटले पाहिजे, पण गोंद बोटाला लागता कामा नये. मग मधून कडेकडे चमच्याच्या पाठीने जोरात दाबत जा. २४ तास हवा भरायची नाही.

तुमचे ठिगळ बहुधा दोनपैकी एका कारणाने सुटले. एक, गोंद जाड लावला. आतला द्रव उडायला वाट मिळाली नाही आणि बुडबुडे धरले. दोन, दमट हवेत काम केले. द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर हवेतली वाफ बसते. गोंदावर पांढुरकी झाक दिसली की ओळखा. तो हात पुसून काढा आणि कोरड्या दिवशी नव्याने सुरू करा. शिवणीतून हवा जात असेल तर हात न लावता कंपनीकडे पाठवा.

प्रश्न: विजेची मोटर लावता येते का?

उत्तर: मागे मोटरसाठी पक्की चौकट असलेल्या कयाकला येते. १२ व्होल्टची, ३० पौंड जोराची मोटर पूर्ण वेगात ३० ॲम्पियरच्या आसपास खाते, म्हणजे ५० ॲम्पियर-तासांची बॅटरी दीड तासाच्या आसपास चालेल. कमी वेगात तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. बॅटरी लिथियमची घ्या आणि पुढे ठेवा. मोटर, बॅटरी आणि माणूस तिन्ही मागे आले तर नाक वर उचलले जाते. मोटरचे नियम पाण्यापाण्यानुसार बदलतात, आधी विचारून घ्या.

प्रश्न: घडी करून ठेवल्यावर वास येतो आणि पांढरे डाग पडतात.

उत्तर: ओली गुंडाळली गेली. ट्यूब आणि तळ यांच्या खाचेत पाणी आणि वाळू राहते. तळ सुटा निघत असेल तर दर वेळी काढून पुसा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, व्हॉल्व्हही. घडी दर वेळी वेगळ्या जागी पडू द्या, गुंडाळी सैल ठेवा आणि उंदरांपासून जपा. पीव्हीसीवर तेल लावू नका. आणि डास पळवण्याचे डीईईटी असलेले मलम हाताला लावले असेल, तर हात धुतल्याशिवाय कयाकला शिवू नका. ते काही प्रकारचे प्लास्टिक विरघळवते.