वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची बाई काय काम करते?

मालिका आणि चित्रपटांतल्या 'कणखर' नायिकांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागच्या अंकात केले होते. पत्रे पुष्कळ आली. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. मालिकांवरचा राग बहुतेक पत्रांत समान असल्यामुळे सुरुवात त्याच पत्राने करते.

प्रश्न : मी आणि माझ्या सासूबाई रोज रात्री जेवणे उरकून मालिका पाहतो. नायिका एक तर वर्षभर निमूटपणे सोसते, नाही तर एके दिवशी अचानक कोणाच्या तरी कानाखाली वाजवते आणि मग 'आता कशी कणखर झाली' म्हणून जाहिराती होतात. चांगली लिहिलेली स्त्री व्यक्तिरेखा ओळखायची कशी? (एक गृहिणी, लालबाग)

उत्तर : मी स्वतः एक साधी खूण वापरते. गोष्टीतले भांडण क्षणभर बाजूला ठेवले, तर त्या बाईचा एक संपूर्ण दिवस आपल्याला सांगता येतो का, हे मी पाहते. ती कशाने घरी येते, दमल्यावर आधी काय करते, तिला हसू कशाचे येते आणि पैसे कुठून येतात, यांची उत्तरे मिळाली तर लेखकाला ती बाई ठाऊक आहे, असे समजावे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आपण पाहिला नसेल, तर सासूबाईंसह अवश्य पाहावा. आपल्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ज्याच्यावर आहे अशा वृद्ध लोकशाहिराविरुद्ध त्यात खटला चालतो आणि सरकारी वकील आहेत गीतांजली कुलकर्णी. न्यायालयात ही बाई जुन्या कायद्यांची कलमे सपाट, कंटाळलेल्या आवाजात वाचून दाखवते. काम संपले की लोकलने घरी जाते, वाटेत मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते आणि सगळ्यांना वाढते. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब नाटकाला जाते, आणि परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या त्या नाटकाला घरच्यांबरोबर मनापासून हसते. ती कोणावर हात उगारत नाही, कोणाला भाषण ऐकवत नाही, आणि तिची बाजू आपल्याला पटावी अशीही दिग्दर्शकाची इच्छा दिसत नाही. तरीही परळहून सुटलेल्या गाडीत आपल्या शेजारी बसलेली बाई इतकी ओळखीची वाटणार नाही. मला तर तिच्या डब्यात काय असेल, हेसुद्धा सांगता येईल असे वाटते.

मालिकेत हे का होत नाही, याचे कारण लेखकांच्या कुवतीत कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त आहे. श्रेयनामावली नीट वाचली, तर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असल्याचे अनेकदा दिसते. आठवड्याचे पाच-सहा भाग भरायचे असतात, दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि आकडा घसरला की 'ट्रॅक' बदलतो. शिवाय गोष्ट संपवायची नसते. नायिकेने खरोखरीचा निर्णय घेतला, तर तिचे आयुष्य बदलते, आणि आयुष्य बदलले तर उद्याच्या भागात तिला पुन्हा त्याच स्वयंपाकघरात तेच टोमणे ऐकायला उभे कसे करणार? म्हणून थप्पड सोयीची पडते. आवाज मोठा होतो, पार्श्वसंगीत वाजते, कॅमेरा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीनदा जाऊन येतो आणि घरात काहीही हलत नाही.

'आई कुठे काय करते' या मालिकेचा पूर्वार्ध मी आवडीने पाहिला, हे येथे कबूल केले पाहिजे. मूळ गोष्ट 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची असली, तरी मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती आपल्याकडचीच वाटत होती. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे दुसरीकडे प्रेम असल्याचे कळते, तेव्हा आपल्याला स्वतःचे असे काय येते, याचा हिशेब ती बाई मांडू लागते. तो हिशेब चालू होता तोवर मालिकेत जीव होता. पुढे मालिका एकूण पाच वर्षांपर्यंत ओढत नेल्यावर तिच्यावर संकटे कोसळवण्यापलीकडे लेखकांच्या हाती फारसे उरले नाही, असे माझे मत आहे. सासूबाईंचे मत वेगळे असेल, तर अवश्य कळवावे.

प्रश्न : जुन्या मराठी चित्रपटांत स्त्रिया तेजस्वी होत्या आणि पुरुषही माणसासारखे होते. आता पुरुष नालायक दाखवल्याशिवाय बाई मोठी होतच नाही. हे आपल्याला खटकत नाही काय? (एक निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड)

उत्तर : खटकते, मात्र आपल्यापेक्षा थोड्या वेगळ्या कारणाने. नवरा मूर्ख आणि दुष्ट दाखवला की बायकोला काही ठरवावेच लागत नाही. प्रेक्षकांनी तिच्या वतीने आधीच ठरवून टाकलेले असते. आपल्या मनात असलेला जुना काळ बहुधा 'प्रभात' या चित्रपटसंस्थेचा असावा, म्हणून त्याचेच उदाहरण घेते. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'मध्ये (१९३७) शांता आपटे यांची नीरा फसवून एका वयस्कर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते आणि ती या लग्नाला लग्न मानायचे साफ नाकारते. केशवराव दाते यांनी रंगवलेले काकासाहेब राक्षस नाहीत. ते सुशिक्षित आहेत, समाजात त्यांना मान आहे, आणि आपले चुकले हे त्यांना हळूहळू, अतिशय त्रासदायक रीतीने उमगत जाते. त्यामुळेच नीरेचा नकार अवघड होतो: समोरच्या माणसाची कीव येत असतानाही तिला आपल्या शब्दावर ठाम राहायचे असते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके आणि घरातले आवाज एवढ्यावर तिचे एकटेपण उभे केले आहे. नीरेच्या बाजूने बोलायला त्या घरात येते ती काकासाहेबांची स्वतःची मुलगी, वयाने सावत्र आईपेक्षा मोठी; ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती.

तरी आपल्या पत्रात एक दुरुस्ती सुचवते. 'कुंकू' ज्या काळात आला, त्या काळात तो काही घरोघरी कौतुकाने पाहण्याचा निरुपद्रवी चित्रपट नव्हता. आपल्या पिढीला तो तेजस्वी वाटतो, कारण जरठ-बाला विवाहाचा प्रश्न आपल्या घरातला उरलेला नाही. जो प्रश्न अजून घरात आहे, तो पडद्यावर आला की पुरुष वाईट दाखवला आहे, असे आपल्याला वाटू लागते.

जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) या दृष्टीने पुन्हा पाहावा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन लहान मुलीला घरी ठेवून परगावच्या महिला सुधारगृहात अधीक्षकपदाची नोकरी धरते. गिरीश कर्नाड यांनी केलेला नवरा मारझोड करणारा नाही, तो सभ्य आहे. मुलगी जावेच्या हाताखाली वाढते आणि तिलाच बिलगते. सुधारगृहातही सुलभा काही जिंकून येत नाही. तिथल्या व्यवस्थेपुढे हात टेकून ती घरी परतते, तेव्हा घराला तिच्याशिवाय राहायची सवय झालेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा बाहेर पडते. तिचे बरोबर की चूक, हे चित्रपट सांगत नाही. आमच्या घरी यावर वाद झाला तेव्हा माझ्या मावशीने 'मुलीचं काय चुकलं?' एवढेच विचारले होते, आणि त्याला उत्तर देणे मला आजही जमलेले नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला काय दाखवावे? काळेपांढरे चित्रपट ती पाहत नाही. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : मग आग्रह करू नये. समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' (२०१९) लावावा. आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्या कल्याणच्या, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते, एवढे मुलीला आधी सांगावे. चित्रपट संपल्यावर तिला एक प्रश्न जरूर विचारावा : शिकायचे कोणी ठरवले, आनंदीने की गोपाळरावांनी, आणि ते तिचे स्वतःचे कोणत्या क्षणी झाले? गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मात्र आपण दोघींनी शेजारी बसून पाहावा. आईच्या इंग्रजीची लाज वाटणारी मुलगी त्यात आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहिली. परीक्षकांनी 'स्त्री पात्र अधिक कणखर करा' असा शेरा दिला. म्हणजे नेमके काय करू? (एक विद्यार्थिनी, वसई)

उत्तर : शेवटचे भाषण आधी काढून टाका. ते असणारच, असे मी न वाचता सांगते. 'कणखर' हे विशेषण नटीला करून दाखवता येत नाही; तिला काहीतरी हवे असणे आणि त्याची किंमत मोजणे हे करून दाखवता येते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरच्या 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ठाकर समाजातली चिंधी आपल्याला नको असलेला नवरा सोडते, पण सोडायचा तर त्याने लग्नात मोजलेले पैसे परत द्यावे लागतात. तिच्या मोकळेपणाला रोख रकमेचा आकडा आहे. तुमच्या नायिकेला जे हवे आहे त्याचा आकडा काय, आणि तो ती कुठून भरणार, हे लिहून पाहा.

दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाव्यतिरिक्त दुसऱ्या कशाविषयी बोलतात का, ही ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या व्यंगचित्रातून आलेली कसोटी तुमच्या वाचनात आली असेल. ती उपयोगाची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. आपल्या मालिका ही परीक्षा रोज उत्तीर्ण होतात. दोन बायका तिजोरीच्या किल्लीविषयी कारस्थान करत बसलेल्या असतात.

प्रश्न : माझी आई महापालिकेच्या रुग्णालयात तीस वर्षे आया होती. नायिका म्हणून डॉक्टर दिसतात, पोलीस अधिकारी दिसतात. आईसारख्या बाईवर कोणी काही केले आहे काय? (एक वाचक, परळ)

उत्तर : आया नव्हे, पण रुग्णालयात स्वयंपाक करणारी बाई आहे. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४) या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले, ही बातमी आपण वाचली असेल. मुंबईच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तिघींची ही गोष्ट आहे : दोन मल्याळी परिचारिका आणि छाया कदम यांची पार्वती. पार्वती मूळची रत्नागिरीकडची, विधवा आहे. इतकी वर्षे जिथे काढली त्या घराचा एकही कागद हाती नसल्याने बिल्डर तिला बाहेर काढू पाहत आहे. ती रडारड करत नाही. एके रात्री मैत्रिणीला बरोबर घेऊन जाते आणि टोलेजंग इमारतीच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावते. दोघी पोरींसारख्या हसतात. त्याने काही होत नाही, घर जाते ते जातेच, आणि ती गाशा गुंडाळून कोकणात परतते.

मोठी परिचारिका प्रभा हिचा नवरा जर्मनीत आहे आणि त्याचा फोनही येत नाही. एक दिवस टपालाने तिकडून भाताचा नवाकोरा कुकर येतो, पाठवणाऱ्याच्या नावाविना. रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर पोटाशी धरते. एकही वाक्य नाही. त्या दृश्याच्या वेळी माझ्या मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने 'अगं बाई' म्हणाली आणि पुढचा बराच वेळ कोणी वेफर्सची पिशवी वाजवली नाही.

आईंना एक अडचण येईल. बरेचसे संवाद मल्याळममध्ये आहेत आणि खालच्या ओळी भराभर पुढे सरकतात, तेव्हा शेजारी बसून त्या मराठीत सांगत राहावे लागेल. पार्वतीचे प्रसंग मात्र सांगावे लागणार नाहीत.