रेणू उभे की आडवे, बघायचं कसं?

प्रश्न : भावाचा पोरगा इंदूरला पीएचडी करालाय. गणपतीला घरी आला तेव्हा विचारलं काय चाललंय, तर म्हणे काचेवर रेणूंचा पातळ थर देतो आणि ते उभे आहेत की आडवे पडलेत ते बघतो. डोळ्याला न दिसणारं उभं की आडवं हे कळतं कसं, आणि कळून करायचं काय ओ?
— एक भातवाला, खानापूर तालुका

उत्तर : काका, परतीचा पाऊस झोडपून गेला की भात उभं आहे का लोळलंय हे तुम्ही बांधावरूनच सांगता की, रोप न् रोप कुठं मोजता? पोरगाही तेच करालाय, फक्त एक्स-रेनं.

पेंटासीन नावाचा रेणू घ्या. बेंझीनच्या (सहा-सहा कार्बनच्या) पाच कड्या एका ओळीत, चपटी पट्टी, लांबी साधारण दीड नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). काचेसारख्या पृष्ठभागाशी तिचं फारसं जमत नाही, शेजारच्या रेणूंशी जमतं, म्हणून सगळे दाटीवाटीनं उभे राहतात. स्वच्छ तांब्यावर मात्र धातूच ओढून घेतो, पहिला थर सपशेल आडवा.

इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगानं गोल फिरवून त्यातून एक्स-रे काढणारं मोठं यंत्र. तिथल्या एक्स-रेचं विद्युतक्षेत्र एका ठरलेल्या दिशेत हलतं, आणि चपट्या रेणूचे π (पाय) नावाचे इलेक्ट्रॉन पट्टीच्या वर-खाली असतात. दोन्ही दिशा जुळल्या की कार्बन एक्स-रे जास्त शोषतो. मग नमुना फिरवत जायचं : सरळ वरून मारल्यावर शोषण जास्त तर रेणू उभे, अगदी तिरपं मारल्यावर जास्त तर आडवे. बस्स.

उपयोग म्हणाल तर वीज चपट्या बाजूनं, एका रेणूवरून शेजारच्यावर जाते. ट्रान्झिस्टरमध्ये ती थराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायची, तिथं उभे रेणू चालतात. सोलर सेलमध्ये खालून वर न्यायची, तिथं आडवे बरे.

आता खरी गोम. ही मोजणी सरासरी सांगते. रेणू काचेपासून किती कललेत याचं उत्तर ५५ अंशाच्या आसपास आलं की सगळे एकसारखे कललेत, का काही उभे काही आडवे, का नुसता गोंधळ, यातलं काहीच कळत नाही (माझ्या मते थीसिसमधली निम्मी भांडणं इथलीच). मग एक्स-रे डिफ्रॅक्शन करून, म्हणजे थरांवरून एक्स-रे कुठल्या कोनात परततात ते बघून, थराथरातलं अंतर काढतात, पेंटासीनचं ते दीड नॅनोमीटरच्या आसपास आलं की रेणू उभे. गोंधळ असेल तर आलेखात धड शिखरच दिसत नाही. दिवाळीला पोरगा आला की विचारा, ५५ आला तर काय करतोस म्हणून.