सीटी स्कॅन नॉर्मल, मग भरपाई कशी मागू?

प्रश्न: कामावर परांचीला कठडाच नव्हता, मिस्टर पडले, डोक्याला मार लागला. सीटी नॉर्मल, पण आता तेच तेच विचारतात, गॅस बंद करायला विसरतात. मालक म्हणतो थोडे पैसे घ्या नि सही करा. करू का?

उत्तर: ताई, सही आत्ता अजिबात नको! नंतर त्रास वाढला तरी पुन्हा दावा करणं फार अवघड जातं. ग्लासगो स्केलवर, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायच्या मापावर, 13 ते 15 गुण आले की इजा ‘माइल्ड’ (सौम्य) लिहितात, नाव फसवंय, बारीक इजा सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही म्हणून न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या इजेचा स्मरण-वागण्यावरचा परिणाम तपासणारे तज्ज्ञ) स्मरणशक्तीची टेस्ट करून रिपोर्ट घ्या. गॅस विसरले, चिडले, सगळं तारखेसकट वहीत लिहा. जागेचे फोटो लगेच काढा, कठडे रातोरात उगवतात! बुडालेला पगार, पुढची देखभालही मागता येते. दाव्याला मुदत असते, वकील लवकर गाठा.