क्वार्टरबॅकला शिव्या घालण्याआधी तो प्ले परत बघ

कोलंबस, 11 डिसेंबर 2024

प्रिय मुला,

30 नोव्हेंबरच्या शनिवारी आपल्या ओहायो स्टेटची मिशिगनविरुद्धची कॉलेज फुटबॉलची (अमेरिकन फुटबॉलची) मॅच संपल्यावर तू आणि तुझा रूममेट बेसमेंटमध्ये दीड तास भांडत होतात, मी वर चहा टाकता टाकता सगळं ऐकलं. तो म्हणत होता कोचलाच हाकला, तू म्हणत होतास कोच वगैरे नंतर, आधी त्या विल हॉवर्डला बेंचवर बसवा, याच्यासारखा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, हल्ला चालवणारा खेळाडू) घेऊन मिशिगनला कोण हरवणार. भांडण मला आवडलं, खोटं नाही सांगत. पुण्याहून येऊन तुला दीड वर्ष झालं नाही आणि तू थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न आणि अजून बरेच यार्ड बाकी) काय प्ले, म्हणजे कुठली चाल, यायला हवी होती यावर तावातावाने बोलतोस, मला कौतुकच वाटतं. पण परवा तू सहज बोलून गेलास की रात्री मी इन्स्टावर हॉवर्डला चांगलं सुनावलंय, त्याला मेसेज टाकलाय, आणि फोन काढून दाखवलासही. तो मेसेज वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, फोनवर तू मला बोलू देणार नाहीस हे मला पक्कं माहीत आहे.

आधी एक क्लिअर करते. हॉवर्ड त्या दिवशी वाईट खेळला. 33 पैकी 19 पास, 175 यार्ड, एक टचडाउन, दोन इंटरसेप्शन, म्हणजे दोनदा त्याचा पास समोरच्या टीमनेच पकडला. त्यातलं एक असं की मिशिगनला बॉल थेट आपल्या 2 यार्डवर मिळाला, म्हणजे टचडाउन ताटात वाढून दिलं, आणि दुसरं आपण स्कोअर करायच्या अंतरावर असताना. हे बोलायचं नाही असं मी म्हणत नाहीये. 20 पॉइंटांनी जिंकणार म्हणत होते सगळे आणि घरच्या स्टेडियममध्ये, एक लाखाहून जास्त लोकांसमोर 13-10 ने हरलो, तेही लागोपाठ चौथ्या वर्षी, राग येणारच. आठवडाभर कॅम्पसवर सगळ्या पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल पट्ट्या मारून फिरणारं हे गाव आहे, इथे ही मॅच हरल्यावर लोक शांत बसतील अशी अपेक्षा कोणीच करू नये.

पण तुला स्पोर्ट्स अ‍ॅनालिटिक्समध्ये जायचंय ना? मग तुला एक सवय आत्ताच लावून घ्यावी लागेल, निकाल बाजूला ठेवून प्लेकडे बघायची. आणि ती सवय लागली की तो मेसेज तुझ्या हातून लिहिलाच जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

पेन स्टेटची मॅच आठव, 2 नोव्हेंबरची. सुरुवातीलाच हॉवर्डने पिक सिक्स टाकला, बॉल समोरच्याने पकडला आणि थेट टचडाउन. पुढे स्वतः पळत गोल लाइनपर्यंत गेला आणि तिथे बॉल हातातून सुटून एंड झोनमधून बाहेर गेला, म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला. दोन्ही चुका मिशिगनविरुद्धच्या चुकांइतक्याच मोठ्या, मी तर म्हणेन जास्तच. पण ती मॅच आपण 20-13 जिंकलो, शेवटचा ड्राइव्ह (बॉल हातात असतानाचा सलग हल्ला) त्याने शांत डोक्याने संपवला, आणि तू त्या रात्री म्हणालास काय काळीज आहे पोराचं! चार आठवड्यांत काळीज कुठे गेलं रे? मुलगा तोच, चुका साधारण तशाच. फरक पडला तो बाकीच्या गोष्टींत.

बाकीच्या म्हणजे काय ते आता नीट बघू, कारण खरी मजा इथेच आहे आणि तुझा रूममेट यातलं अर्धं बरोबर बोलत होता. मिशिगनच्या डिफेन्सच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, देशातली सगळ्यात तगडी जोडी म्हणावी अशी. आपली ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची रांग) आधीच फाटलेली, लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरात ओरेगनच्या मॅचमध्ये गुडघा घेऊन बसला, सेंटर सेथ मक्लॉफ्लिनची नोव्हेंबरमध्ये अकिलीस (टाचेमागची शीर) गेली. आणि या परिस्थितीत आपण काय केलं, तर परत परत मधूनच बॉल पळवला. 26 रन, म्हणजे 26 वेळा बॉल घेऊन पळालो, आणि 77 यार्ड. म्हणजे एका रनला धड तीन यार्डसुद्धा नाहीत. बाहेर जेरेमाया स्मिथ, एमेका एगबुका, कार्नेल टेट असे पास पकडणारे तीन रिसीव्हर उभे, जे कुठल्याही टीमला स्वप्नात मिळावेत, आणि बॉल चाललाय ग्रॅहमच्या छातीवर. हा निर्णय हॉवर्डचा नव्हता, तो हल्ल्याच्या चाली ठरवणारे कोच चिप केली आणि हेड कोच रायन डे यांचा, आणि त्यावर मी त्यांना कितीही प्रश्न विचारायला तयार आहे. त्यात आपला किकर जेडन फील्डिंग याने 40 यार्डांच्या आतल्या, तीन-तीन पॉइंटांच्या दोन किक घालवल्या. दोन्ही सोड, त्यातली एक जरी बसली असती तरी मिशिगनची शेवटच्या 45 सेकंदांतली ती 21 यार्डांची किक जिंकवणारी ठरली नसती. दुसऱ्या हाफमध्ये आपला एक पॉइंट नाही. आपल्या डिफेन्सने त्यांना पासिंगवर 62 यार्ड दिले फक्त, बिचाऱ्यांनी मॅच हातात आणून ठेवली होती.

हे सगळं बघितल्यावरही त्याचं दुसरं इंटरसेप्शन त्याचंच राहतं, ते मी कुणाच्या माथी मारणार नाही. पण हार त्या एकट्याची राहत नाही.

आता ओरेगन. तू अजून म्हणतोस की 'त्या गाढवाला घड्याळ कळत नाही.' 32-31 ने मागे, तो पळाला, खाली घसरला आणि घड्याळावर शून्य. बरोबर, त्याने आणखी लवकर खाली बसायला हवं होतं किंवा बॉल बाहेर फेकायला हवा होता. पण त्याच्या आधीचे दोन प्ले तू परत बघितलेस का? स्मिथच्या हातून ऑफेन्सिव्ह पास इंटरफिअरन्सचा (पास पकडताना समोरच्याला अडवल्याचा) फाउल झाला आणि आपण किकच्या टप्प्यातून मागे फेकलो गेलो. मग ओरेगनने 12 माणसं मैदानात उतरवली, पेनल्टी पाच यार्डांची बसली पण मधल्या चार सेकंदांचं काय, ती गेली ती गेलीच. 10 चे 6 सेकंद झाले. ही पळवाट इतकी उघडी पडली की थोड्याच दिवसांत नियमाचा अर्थ बदलून ती बुजवावी लागली. म्हणजे त्या मुलाकडे एका प्लेसाठी 10 च्या ऐवजी 6 सेकंद उरली होती. तुझ्या एका वाक्यात हे काहीच बसत नाही.

आणि मकॉर्ड! खरं तर मला लिहायचंय ते काइल मकॉर्डबद्दलच. तू 2023 च्या ऑगस्टमध्ये आलास, तुझा पहिला क्वार्टरबॅक तोच. नॉत्र दामला 17-14 हरवलं तेव्हा एक सेकंद राहिला होता, त्या ड्राइव्हवर थर्ड अँड 19 ला त्याने एगबुकाला बॉल दिला होता, तू त्या रात्री मला फोन करून ओरडत होतास. मिशिगनपर्यंत 11 पैकी 11 जिंकला. मग अ‍ॅन आर्बरची मॅच, 30-24, शेवटच्या अर्ध्या मिनिटात मिशिगनच्या हाफमध्ये पोचलेलो, आणि मिशिगनच्या रॉड मूरने मकॉर्डचा पास पकडला. बास, त्या एका पासवर मुलगा संपला. काय काय बोलले लोक, याच्यात दमच नाही, मोठ्या मॅचला हात थरथरतो.

तो प्ले प्लीज परत बघ, स्लो करून. स्नॅप झाल्यावर (बॉल मागे दिला आणि खेळ सुरू झाला की) मकॉर्डकडे बघूच नकोस, उजव्या-डाव्या टॅकलकडे बघ. मिशिगनचा जेलन हॅरेल कोपऱ्यातून येतो, मकॉर्डचा हात पुढे निघालेला असतानाच त्याला धडकतो, बॉल हातातून निघतो तेव्हाच त्याची दिशा बिघडलेली असते. आपला रिसीव्हर हॅरिसन पुढे क्रॉस करत असतो, बॉल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आता याच्यात हात थरथरला कुठे? प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचार की प्रोटेक्शन कसं लावलं होतं, बॉल आधी सोडता आला असता का. मला वाटतं थोडा आधी सोडता आला असता. पण हे मी थ्रोबद्दल बोलतेय, मुलाबद्दल नाही.

नऊ दिवसांत तो ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) गेला. सगळे म्हणाले बरं झालं, बॅकअप याच्यापेक्षा भारी आहे. दुरून डोंगर साजरे! त्याच महिन्यात कॉटन बोलमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या मॅचमध्ये, मिझूरीविरुद्ध आपण 14-3 हरलो, अख्ख्या मॅचमध्ये तीन पॉइंट. आणि यंदा त्याच 30 नोव्हेंबरला, दुपारी आपण इथे हॉवर्डला शिव्या देत बसलो होतो त्याच दिवशी, तिकडे आपल्या नव्या सिराक्यूज टीमकडून मकॉर्ड मायामीविरुद्ध 21-0 मागे पडला आणि 42-38 जिंकला. 380 यार्ड, तीन टचडाउन. आज देशात सगळ्यात जास्त पासिंग यार्ड त्याच्या नावावर आहेत. हे मी 'बघा, पाहिलंत' असं म्हणायला सांगत नाही, तिकडे सिस्टिम वेगळी आहे, पास जास्त टाकतात. पण 'याच्यात दमच नाही' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलं त्यांना त्याच्याबद्दल नक्की काय माहीत होतं? आणि हॉवर्ड आला तो त्याच्याच जागी, कॅन्सस स्टेटला बिग 12 ही लीग जिंकून आलेला, आपणच त्याला डोक्यावर घेतलं होतं.

तू म्हणशील, पैसे घेतात ना आता, मग ऐकून घ्यावं. हे तुझं आवडतं वाक्य आहे. 2021 च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे घेता येतात, आपल्या टीमवर 20 मिलियन डॉलरच्या आसपास खर्च झालाय हे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्वतः बोललेत. मग खेळाबद्दल विचारा ना जाब, कडक शब्दांत विचारा, मीही विचारेन. पण तुझ्या मेसेजमध्ये खेळाबद्दल एकच ओळ होती, बाकी त्याची आई आणि तो जगून काय करणार असलं काहीतरी. ते कुठल्या पैशांत बसतं?

याच टीममध्ये हॅरी मिलर म्हणून मुलगा होता, ऑफेन्सिव्ह लाइनवर, इंजिनिअरिंग शिकणारा, अतिशय हुशार. 2022 च्या मार्चमध्ये त्याने खेळ सोडला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी आयुष्य संपवायचा विचार करत होतो, कोचला सांगितलं आणि त्यांनी मला ताबडतोब मदत मिळवून दिली. ज्या रायन डेला तुझा रूममेट हाकलायला निघालाय तोच कोच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हेल्मेटच्या आत कोण कुठल्या अवस्थेत आहे ते आपल्याला सोफ्यावरून दिसत नाही, आणि तुझ्यासारखे मेसेज एकट्याचे नसतात, हजारो येऊन पडतात.

त्यातले कितीतरी पैजेचे पैसे बुडालेल्यांचे असतात. ओहायोत 2023 च्या 1 जानेवारीला बेटिंग कायदेशीर झालं आणि त्याच महिन्यात डेटन युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल कोचला पत्रकारांसमोर सांगावं लागलं की माझ्या मुलांना काय काय ऐकावं लागतंय. पुढे राज्याने खेळाडूंना धमक्या देणाऱ्यांना बेटिंगमधून हद्दपार करायची सोय केली आणि या वर्षीच्या मार्चपासून कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या आकड्यांवर पैज लावणंही बंद केलं. म्हणजे सरकारला मधे पडावं लागलं, इतपत गेलं होतं प्रकरण. तुझ्या रूममेटने पैसे लावले होते हे मला माहितीये, त्यालाही हे वाचून दाखव.

आपल्याकडेही हे होतंच. 2007 च्या वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशकडून हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली होती. तू तेव्हा बालवाडीत असशील. घरावर दगड मारायला निदान घरापर्यंत चालत तरी जावं लागायचं, आता अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याने होतं.

भांडू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्याकडे येऊन तास तास भांड, हॉवर्डला बसवावा का यावर भांड, केलीच्या प्लेकॉलवर तर भांडच. फक्त मॅच संपल्यावर लगेच काही पाठवायचं नाही, कुणालाच. दुसऱ्या दिवशी निवांत प्ले लाव. कितवा डाउन (प्रयत्न), किती यार्ड हवेत, लाइनवर कोण कुणाच्या अंगावर आलं, रिसीव्हर मोकळा होता का, असला तर किती वेळ, आणि मग सगळ्यात शेवटी क्वार्टरबॅक. आधी त्याच्याकडे बघितलंस की बाकी काही दिसत नाही, टीव्हीचा कॅमेरा पण त्याच्याच मागे असतो. तुझ्या त्या शीटमध्ये निकालाचा कॉलम झाकून टाक आणि निर्णय बरोबर होता की चूक एवढंच भर. पेन स्टेट आणि मिशिगन दोन्ही असं करून बघ, मला खरंच बघायचंय काय येतं ते.

21 तारखेला टेनेसी इथे येतेय, रात्री आठची मॅच, आपली प्लेऑफची पहिलीच. हॉवर्ड त्या रात्री चार टचडाउन करो नाहीतर चार इंटरसेप्शन टाको, मी वर लिहिलेलं काही बदलणार नाही.

तो मेसेज अनसेंड कर आणि केलास की मला कळव. त्याने वाचला नसेल अशी आशा करू. स्टुडंट तिकीट मिळालं तर जा, थर्मल दोन घाल, डिसेंबरची रात्र आहे. नाही मिळालं तर साडेसातला घरी या दोघंही, मिसळ करतेय. पहिले दोन ड्राइव्ह आपण फक्त ऑफेन्सिव्ह लाइनकडे बघायचं, सिमन्सच्या जागी लेफ्ट टॅकलला कोण उभा आहे आणि तो किती वेळ टिकतो ते तू मोजायचंस.

तुझी,
ताई